न भिजवलेला खड्डा

लोकांचे नवरे येताना भाजी आणतात, माझा नवरा माती आणतो. खिशात, बुटात, नखांत, एकदा तर चष्म्याच्या घरात. सत्तावीस वर्षं मी ही माती धुतेय. धुण्याचं मशीन दोनदा बंद पडलं, दोन्ही वेळा दुरुस्तीवाल्याने आतून मूठभर चिखल काढून माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "बाई, तुम्ही यात कपडे धुता की शेत?" मी काय बोलणार, कपाळ?

गावाच्या ज्या भागात गटाराची लाइन पोचलेली नाही, तिथे घर बांधायचं तर संडासाचं पाणी जमिनीतच मुरवावं लागतं. टाकी बांधायची, टाकीतलं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं. पण ती जमीन ते पाणी मुरवेल का, गाळेल का, आणि खालचं भूजल किती वर आहे, हे आधी कोणीतरी बघावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे माझा नवरा. तो हो म्हणाला तर परवानगी, नाही म्हणाला तर तुमचं घर कागदावरच राहिलं. ऑफिसात त्याला खड्डेमास्तर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हा हसतो.

त्याची तपासायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. माणसाच्या उंचीचं गिरमिट हाताने फिरवत जमिनीत घालायचं, वीतभर माती वर काढायची, पुन्हा घालायचं, पुन्हा काढायची. निघालेली माती ओळीने मांडायची. मग एकेक चिमूट ओली करून अंगठ्याने दाबत तिची पट्टी काढायची. पट्टी जितकी लांब, तितकी माती चिकण, तितकं पाणी रेंगाळणार. मग थोडी दाताखाली धरून डोळे मिटायचे आणि कचकच ऐकायची. लग्नानंतर हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, संपलं, आपल्या पदरी वेडा पडला. मातीत गंजासारखे तांबूस ठिपके आणि राखाडी डाग दिसले की समजायचं, पावसाळ्यात पाणी इथवर चढतं, मग आत्ता खड्डा कितीही ठणठणीत कोरडा असो. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. शिकायला गेले नाही कुठे, नुसतं ऐकून ऐकून कानात मुरलंय.

आणि सचोटी! देवा रे, ती सचोटी. एका ठेकेदाराची जमीन नापास केली तेव्हा त्याने ह्याचं गिरमिट उचलून नाल्यात भिरकावलं. हा कंबरभर पाण्यात उतरला, गिरमिट शोधून काढलं, धुतलं, राहिलेलं तिसरं भोक पाडलं आणि तेही नापास लिहून घरी आला. जेवायला बसल्यावर म्हणतो, "मीठ थोडं कमी आहे का आज?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माणूस आहात की दगड? शिव्या खाऊन आलात, भिजून आलात, आणि मीठ? तर म्हणे, "तो चिडला ते त्याचं बरोबर आहे. घर जातंय त्याचं. पण पाणी कुणाच्या चिडण्यावर थांबत नाही ना." असलं उत्तर दिल्यावर भांडायचं तरी कशाला धरून?

ऑफिसावरही माझा राग आहे, तो वेगळा. ह्याच्या हाताखालच्या मदतनिसाची जागा सतरा वर्षं रिकामी. मोठे साहेब दर वर्षी म्हणतात, भरू, भरू. आणि पाणी मुरायच्या चाचणीला तर माणूस लागतोच. कारण खड्डा खणला, पाणी ओतलं, घड्याळ लावलं असं नसतं. कोरडी माती तहानलेली असते, पहिलं पाणी घटाघटा पिते. विशेषतः चिकणमाती. तिला उन्हाने भेगा पडलेल्या असतात, त्या भेगांतून पाणी असं पळतं की वाटावं, वा, काय झकास जमीन आहे. म्हणून आदल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खड्डा काठोकाठ भरलेला ठेवायचा. माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग दुसऱ्या सकाळी जे मोजाल ते खरं. एक इंच पाणी उतरायला किती मिनिटं लागली? साठच्या वर गेली की जमीन नापास.

आता दिवसभर खड्ड्याशेजारी बसून बादल्या ओतायला कोण मोकळं असतं? ह्याला दुसरीकडे भोकं पाडायची असतात. ज्याची जमीन त्याला सांगावं, तर तो अर्ध्या दिवसात पळ काढतो किंवा मुद्दाम पाणी घालत नाही. मग उरलं कोण? बायको. फुकटची, हक्काची. डबा, छत्री आणि विणकाम घेऊन मी किती माळांवर बसलेय ते माझं मला माहीत. येणारे जाणारे विचारायचे, "बाई, काय चाललंय?" मी सांगायची, "झाड लावलंय, उगवायची वाट बघतेय."

तर ही आमची बेबी. माझी धाकटी नणंद, वय वर्षं बेचाळीस, पण घरात लहान म्हणून बेबी ती बेबीच. तिचा नवरा अचानक गेला, भाड्याचं घर सुटलं, आणि ती मुलीला घेऊन "वहिनी, दोनच महिने हं" म्हणत आमच्याकडे आली. ते दोन महिने तीन वर्षं चालले. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत बेबी आणि तिची परीक्षा देणारी मुलगी, मागच्या खोलीत आम्ही आणि ह्याच्या माती भरलेल्या बरण्या. बेबी वाईट नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. ती चांगली होती आणि सतत होती. मी भांडी घासायला घेतली की "राहू द्या वहिनी, मी करते", मग सगळी भांडी भलत्याच फळीवर. मी नवऱ्यावर ओरडायला तोंड उघडलं की दारात बेबी. तीन वर्षं मी माझ्या घरात मोठ्याने ओरडले नाही. तुम्हाला हसू येईल, पण माझा जीव गुदमरला होता. बाथरूममध्ये नळ सोडून मी रडायची.

बेबीकडे एक गोष्ट होती. तिच्या नवऱ्याने गावाबाहेर उतारावर एक छोटी जमीन घेऊन ठेवलेली. घर बांधायला बेबीची तयारी होती, गवंडी ठरला होता, नकाशा तयार होता. फक्त मातीचा दाखला हवा होता. जमीन पास झाली तर बेबी तिच्या घरी जाणार आणि मला माझं घर परत मिळणार. नापास झाली तर? तर जन्मभर "राहू द्या वहिनी, मी करते".

ह्याने आधी साहेबांना सांगितलं, "सख्ख्या बहिणीची जमीन आहे, दुसऱ्याला पाठवा." साहेब म्हणाले, "दुसरा आहे कोण?" झालं. गेला गिरमिट घेऊन. संध्याकाळी आला तो तोंड पाडून. म्हणाला, "तीन फुटांवर डाग आहेत गं. पण खालचा नाला मागच्या वर्षी खोल केलाय, पाणी उतरलं असेल, डाग जुनेही असतील. मुरण्यावर ठरवू. परवा तू भिजवशील का?"

म्हटलं, "भिजवते की."

सकाळी सातला टेम्पोने मला आणि पाण्याचं एक मोठं पिंप त्या उतारावर उतरवलं. हा दुसऱ्या कामाला गेला. मी खड्ड्यात डोकावले. बाजूंना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. बाहेर काढलेल्या मातीचं ढेकूळ हातात घेतलं, पट्टी काढली. लांबच लांब निघाली, तुटेचना. मी काही शिकलेली नाही, पण आंधळीही नाही. हा खड्डा दिवसभर भिजवला की भेगा मिटणार आणि उद्या पाणी जागचं हलणार नाही, हे मला तिथेच कळलं.

मी बादली भरून खड्ड्याच्या काठाशी उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. मग ती बादली मी बाजूच्या झुडपाला घातली.

तेवढं केल्यावर पुढचं सोपं गेलं. दिवसभर विणत बसले. दुपारी उताराखालच्या घरातून एक बाई वर आली, शाळेत शिकवणारी, बरोबर चार वर्षांची मुलगी. म्हणाली, "उन्हात बसलाय, पाणी आणलंय. आमच्या विहिरीचं आहे, गार असतं." मी तांब्याभर प्याले. खरंच गार होतं. मुलीने माझ्या लोकरीचा गुंडा मागितला, मी दिला, ती त्याच्याशी खेळत बसली. निघताना बाई म्हणाली, "घर होणार का इथे? बरं होईल, सोबत होईल." मी म्हटलं, "हो, होईल." लाज? त्या वेळी नाही वाटली. तेव्हा डोक्यात फक्त माझ्या पुढच्या खोलीचं रिकामं दार होतं.

पाचला चार बादल्या खड्ड्यात ओतल्या, उरलेलं पिंप उतारावर लवंडलं. साडेपाचला हा आला, भरलेला खड्डा बघितला, रिकामं पिंप बघितलं. दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम बरोबर गेले. खड्डा कोरडा. हा चकित झाला, गुडघ्यावर बसून बराच वेळ आत बघत राहिला. मग मान वर करून विचारलं, "दिवसभर भरलेला होता ना?"

"हो."

एवढंच. ह्याने मोजपट्टी उभी केली, पाणी ओतलं, घड्याळ लावलं. इंचाला चोवीस मिनिटं. तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच. मला म्हणाला, "बघ, मी उगाच घाबरलो. डाग जुनेच होते." खूश होता बिचारा. बहिणीला स्वतः जाऊन सांगितलं.

आठ महिन्यांत घर उभं राहिलं. बेबी गेली त्या दुपारी मी दोन्ही खोल्यांत उगाच फिरले, सगळी भांडी आपल्या फळीवर लावली आणि नवरा आल्या आल्या त्याच्या बुटांवरून असं कडाक्याचं भांडण काढलं की तोही हसायला लागला. एवढं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी खोटं सांगत नाही, आता खोटं सांगून काय उपयोग.

पावसाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात बेबीच्या मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. मग शोषखड्ड्यावरची जमीन डबडबली, काळं पाणी वर आलं आणि उताराने खाली निघालं. खाली कोणाचं घर होतं ते तुम्हाला माहीत आहे. विहिरीचं पाणी दिसायला स्वच्छच होतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. ती मुलगी अकरा दिवस हॉस्पिटलात होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं होतं की आज काही सांगता येत नाही. वाचली. पण घरी आली तेव्हा तिला भिंत धरून चालावं लागत होतं. मी बघून आले. तिने मला ओळखलं आणि गुंडा आणला का म्हणून विचारलं. मला तिथून पळावंसं वाटलं, आणि मी पळालेच.

ऑफिसात तर काय, वाटच बघत होते सगळे. "खड्डेमास्तर! बहिणीची जमीन दिसली आणि हरिश्चंद्राचा चष्मा उतरला होय?" ज्या साहेबांनी "दुसरा आहे कोण" म्हटलं होतं, त्यांनीच चौकशी लावली. मेल्यांनो, सत्तावीस वर्षांत ह्याने कुणाचा कपभर चहा घेतला नाही, आणि तुम्ही ह्याला बोलता! मी घरात थयथयाट केला. साहेबांना, ऑफिसला, पावसाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्या.

बेबी मुलीसकट परत आमच्या पुढच्या खोलीत आली. तिच्या घराला सरकारी सील. आणि तिने काय म्हणावं? "दादाचं नाही चुकलं हो वहिनी. माझंच नशीब फुटकं." आणि उठून भांडी घासायला गेली.

एका रविवारी नवऱ्याने मागच्या खोलीतल्या सगळ्या बरण्या खाली काढल्या, डोळ्यांना रुमाल बांधला आणि मला म्हणाला, "मला एकेक चिमूट दे. कुठली ते सांगू नकोस." मी दिली. त्याने पट्टी काढली, दाताखाली धरली, आणि सांगितली. बरोबर. दुसरी दिली, बरोबर. गाळाची, वाळूची, चिकण, मुरूम मिसळलेली. बावीस बरण्या, बावीसही बरोबर. शेवटच्या बरणीनंतर रुमाल सोडला आणि स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले. "हात शाबूत आहेत," तो म्हणाला. "तोंड शाबूत आहे. डाग मी स्वतः बघितले होते. मग चुकलं कुठे? मला कळत नाही गं. मी उद्या राजीनामा देतो. ज्याला आपली चूक सापडत नाही, त्याने दुसऱ्याची जमीन बघू नये."

मग मला राहवलं नाही. दारात बेबी उभी आहे हे दिसत होतं, तरी बोलले. "खड्डा मी भिजवलाच नव्हता. पाणी झुडपाला घातलं, उतारावर लवंडलं. मला ही बया घरातून जायला हवी होती. तुमचं काही चुकलं नाही. आता मारा मला, हाकला, काय वाटेल ते करा."

बेबी तोंडावर हात दाबून आत गेली. मी वाट बघत होते, आता हा ओरडेल, एकदा तरी आयुष्यात ओरडेल. तो उठला, कपाटातून त्याच्या चाचण्यांच्या वह्या काढल्या, सगळ्या, सत्तावीस वर्षांच्या. जमिनीवर बसून एकेक पान उलटायला लागला. त्या वह्यांत एक रकाना असतो, पाणी कोणी भरलं. जिथे माझं नाव लिहिलेलं, तिथे तो चिठ्ठी घालत होता. सांज होईपर्यंत एकतीस चिठ्ठ्या झाल्या.

मग त्याने विचारलं, "यातले किती?"

"एकच!" मी ओरडले. "बेबीचाच! बाकी सगळे काठोकाठ भरलेत, उन्हातान्हात बसून भरलेत. शपथ घेऊन सांगते."

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो त्याच्या चेहऱ्यावर, राग असता तर मी सहन केला असता. हळू आवाजात म्हणाला, "तू त्या दिवशीही हो म्हणाली होतीस."

चौकशीत त्याने लिहून दिलं, "खड्डा भिजल्याची खात्री मी केली नाही, चूक माझी." माझं नाव घातलं नाही. मी भांडले, कागद फाडायला धावले, म्हटलं, माझं नाव घाला, मी केलंय, मला काय ते होऊ द्या. तर म्हणे, "तुझ्या शब्दावर सही मी केली." वर अर्ज केला की उरलेल्या तीस जमिनी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने, पुन्हा तपासणार. साहेबांनी लगेच मंजूर केला, त्यांचं काय जातंय. आता हा दर शनिवारी कुणाच्या तरी अंगणात खड्डा खणतो आणि दिवसभर स्वतः बादल्या ओततो. बासष्ट वर्षांच्या माणसासारखी पाठ झालीय त्याची, वय चोपन्न. पहिल्या शनिवारी मी डबा-छत्री घेऊन तयार होऊन उभी राहिले. तो म्हणाला, "नको. तू थांब घरी."

नऊ जमिनी झाल्या. नऊही बरोबर निघाल्या. दर रविवारी दुपारी तो येतो, पाय धुतो आणि मला सांगतो, "हीही बरोबर निघाली गं." चांगल्या मनाने सांगतो, मला बरं वाटावं म्हणून. मला माहीत होतंच ना ती बरोबर आहे! तो खड्डा मीच भरला होता! ओरडावंसं वाटतं, पण ओरडत नाही. पाणी देते, जेवायला वाढते. अजून एकवीस बाकी आहेत.